न सांगितलेला बोल्ट

चामोर्शीत सोमाजी मिस्त्रीबद्दल कोणालाही विचारा, उत्तर एकच. गाडीचं दुखणं हा माणूस नुसत्या कानानं ओळखतो, पण ओळखलेलं दुखणं मेला तरी सांगत नाही. ड्रायव्हरनं विचारावं, "काय झालतं मिस्त्री?" की हा चिंधीला हात पुसत म्हणणार, "तुले काय करा लागते? चालू झाली ना? जा मंग." लोक शिव्या घालायचे आणि पुढच्या खेपेला परत त्याच्याच दारात यायचे. न येऊन सांगतात कोणाला? बाजार चौकापासून घोट गावापर्यंत दुसरा मिस्त्री होताच कुठं?

ही खोड त्याला लागली चंद्रपुरात. जटपुरा गेटाबाहेर गुलाम रसूल उस्तादचं गॅरेज होतं, तिथं सोमाजी पंधराव्या वर्षी पाना धरायला शिकला. उस्ताद दिलाचा राजा माणूस. ईदला शागिर्दांना आपल्या ताटात जेवू घालायचा, जात विचारायचा नाही. पण कार्बोरेटरची शेवटची सेटिंग आली, की स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन म्हणायचा, "जा बेटा, चाय ला." चहा घेऊन यावं तोवर काम झालेलं. चार वर्षं सोमाजीनं चहा आणला. एकदा हिंमत करून विचारलं, तेव्हा उस्तादनं पाठीवर थाप मारली. "सब बता दूँगा तो कल मेरे पास आएगा कौन? एक पेच अपने पास रख, सोमा. जिंदगीभर खाएगा." उस्ताद गेला तो आपला पेच घेऊनच गेला, आणि ती सेटिंग स्वतः शोधायला सोमाजीला दोन वर्षं लागली.

पण नुसत्या पेचावर भागलं असतं, तर हे सगळं सांगायची वेळच आली नसती. सोमाजीला हवी होती कायमची नोकरी. त्याच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, आणि दुसऱ्या दिवशी पाटलाचं मेलेलं ढोर ओढायला बोलावणं आलं तेव्हा घराच्या दारातून सांगून टाकलं, "आता नाई." त्याचे परिणाम भोगले बिचाऱ्यानं. मरताना पोराला एकच म्हणाला, "कागदावर नाव लागन अशी नोकरी कर. कोनाच्या हाकेवर जगू नोको." पोरानं काय कमी खटपट केली? एका मोठ्या वर्कशॉपात अकरा वर्षं रोजंदारी केली. तिथं कायदाच असा, की ठरलेले दिवस भरत आले की नाव काढायचं, आठ दिवस घरी बसवायचं आणि नवीन म्हणून परत घ्यायचं. अकरा वर्षं हा माणूस दर तीन महिन्यांनी नवीन होत राहिला. मग एक दिवस पाना फेकून बायकोला, कांताला, घेऊन चामोर्शीला आला आणि रस्त्याच्या कडेला टिनाचं शेड टाकलं. तेव्हापासून त्याच्या जिभेवर कडवटपणा बसला तो बसलाच.

ही गोष्ट पंच्याऐंशी सालची. चामोर्शीत एका संस्थेचा फिरता दवाखाना होता. त्याची गाडी म्हणजे एक अजबच प्रकरण. कोणी गोरं जोडपं त्या गाडीतून अर्धं जग फिरत इकडं आलं, संस्थेत दोन वर्षं राहिलं, आणि जाताना गाडी संस्थेला देऊन गेलं. बाहेरून पावाच्या लादीसारखी, आत झोपायला बाक, भांडी घासायला इवलीशी मोरी, शेगडी, कपाटं. ते लोक आत राहायचे, जेवायचे, झोपायचे. संस्थेनं बाकावर रेक्झिन चढवलं, कपाटात औषधं भरली, आणि झाला दवाखाना. गाडीवर गिरजाबाई नावाची नर्स होती. पन्नाशीची, जाडजूड, कोणाच्या बापाला न भिणारी. गाडी खेड्याखेड्यांतून फिरायची आणि अडल्यानडल्याला गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचवायची.

इंजिन कार्बोरेटरवालं, जुनं, पेट्रोलला राक्षस. पण गोऱ्यांनी आपल्या देशातच त्याला गॅसची जोडणी करून घेतली होती, म्हणजे आपण स्वयंपाकाला वापरतो त्याच गॅसवर ती गाडी चालायची. त्यांची मूळ टाकी गंजली, तेव्हा संस्थेच्या सचिवांनी, वामनरावांनी, बाहेरगावच्या एका गॅरेजातून तिथं घरगुती सिलेंडर आडवं बसवून घेतलं. कायद्यात बसतं का, ते कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. वामनराव म्हणजे काटकसरीचा पुतळा, त्यात संशयी. ड्रायव्हर पेट्रोल काढून विकतो, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. म्हणून त्यांनी पेट्रोलची टाकीच उतरवून घेतली. गाडी चालेल तर गॅसवर, नाहीतर नाही.

आणि ती चालेचना! सकाळी झोकात सुरू व्हायची, सात-आठ किलोमीटर जायची, मग आचके देत बंद. अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की पुन्हा सुरू, पुन्हा सात-आठ किलोमीटर. दोन मिस्त्री आले नि गेले. एकानं प्लग बदलले, एकानं कार्बोरेटर खोलून पार धुऊन काढला. शेवटी वामनराव छत्री घेऊन सोमाजीच्या शेडात आले. मे महिना होता, डांबर चपलेला चिकटत होतं.

"सोमाजी, गाडी नीट करून दे."

"करतो. पन मले काय भेटन?"

"मजुरी मिळेल की."

"मजुरी तं म्या लई घेतली, साहेब. ड्रायव्हरची जागा खाली हाय ना तुमची?"

वामनरावांनी घाम पुसला, जरा विचार केला आणि म्हणाले, "ही गाडी इथून गडचिरोलीला जाऊन न थांबता परत आली, तर ड्रायव्हर-कम-मिस्त्री म्हणून तुझी ऑर्डर काढतो. कायमची. झालं समाधान?"

त्या संध्याकाळी सोमाजी घरी गेला तो शीळ घालतच. कांता म्हणाली, "आज काय झालं वो? जावई आला का काय?" त्यानं तिला सगळं सांगितलं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पण ऑर्डर हा शब्द त्यानं तीनदा उच्चारला. आपण जिला पंचवीस वर्षं हातावरच्या पोटावर ठेवली, तिला आता नोकरदाराची बायको म्हणता येईल, याचं त्याला मनापासून सुख झालं.

दोन दिवस त्यानं गाडीला हातच लावला नाही, नुसती ऐकली. तिसऱ्या दिवशी पॉइंटची फट तपासली, टायमिंग पाहिलं, कार्बोरेटरखालच्या गॅस्केटवर साबणाचं पाणी सोडून कुठं हवा ओढते का ते पाहिलं. सगळं ठाकठीक. मग गिरजाबाईला शेजारी बसवून घोटच्या रस्त्याला निघाला. आठव्या किलोमीटरला आचके सुरू झाले, गाडी थांबली. सोमाजीनं झाकण उघडलं आणि बघतच राहिला. सिलेंडरकडून येणाऱ्या नळीला इंजिनाजवळ एक डबा बसवलेला होता. त्या डब्यावर पांढरंशुभ्र बर्फ चढलं होतं.

"अगाई!" गिरजाबाई ओरडली. "बरफ हाय हे तं! या उन्हात?" आणि तिनं बिनदिक्कत दोन्ही तळवे डब्यावर घासले आणि गालांना लावले. "जाऊ द्या मिस्त्री, गाडी अशीच ऱ्हाऊ द्या. कुल्फी इकू."

सोमाजी हसला नाही. त्याचं डोकं चालू झालं होतं. सिलेंडर आडवं, म्हणजे गॅस वाफ न होता पातळच बाहेर येतो. तो या डब्यात उकळून वाफ होतो आणि ती वाफ इंजिन पितं. उकळायला ऊब लागते. मग ही ऊब यायची कुठून? त्यानं डब्याच्या दोन रबरी नळ्या हातानं चाचपत माग काढला, आणि इंजिनाच्या मागच्या बाजूला त्याला सापडलं. नळीच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली, वर तार आवळलेली. त्या नळीतून इंजिनाचं गरम पाणी आधी गाडीच्या हीटरला आणि तिथून डब्याला जायचं. आपल्याकडच्या कोण्या मिस्त्रीनं हीटर पाहिला आणि डोक्याला हात लावला असणार. इकडच्या उन्हाळ्यात माणूस आधीच भाजून निघतो, त्यात हीटर? ठोक खुंटी! त्याचंही काय चुकलं म्हणा. सोमाजीनंही तेच केलं असतं.

खुंटी काढली, नळी जोडली, रेडिएटरात पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी गाडी गडचिरोलीला जाऊन आली, एक उचकी न देता. गिरजाबाईनं बाजारातून पेढे आणून चौकात वाटले. वामनरावांनी विचारलं, "काय होतं रे?" सोमाजी म्हणाला, "होतं कायतरी." गिरजाबाईनंच ती खुंटी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली, तेव्हा त्यांना कळलं.

वामनराव म्हणाले, कमिटीची बैठक झाली की ऑर्डर निघेल, तोवर रोजावर चालव. सोमाजी चालवू लागला. दुसऱ्या आठवड्यात गाडी पुन्हा कुरकुरली. बर्फ नव्हतं. त्यानं डबा वरखाली निरखला, तर तळाला सुपारीएवढा बोल्ट. इंजिन गरम असताना तो सैल केला, आणि आतून चमचाभर काळं, चिकट, घाण वासाचं तेल गळलं. घरगुती गॅसमधला मळ होता तो. साचून डब्यातला पडदा चिकटत होता. बोल्ट आवळला, गाडी पुन्हा लोण्यासारखी. दर आठ दिवसांनी तेल काढलं तर काही नाही, दोन मिनिटांचं काम. पंधरा दिवस नाही काढलं तर गाडी जागच्या जागी मरणार. हे सोमाजीला कळलं, आणि फक्त सोमाजीलाच कळलं. तो दर सोमवारी म्हणायचा, "बाई, जरा चहा सांगून या ना." गिरजाबाई टपरीकडं वळली की हा गाडीखाली शिरायचा. उस्तादचाच शागिर्द ना तो!

ऑगस्ट संपता संपता कमिटी बसली. वामनरावांनी सोमाजीला बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच तो काय ते समजला. साहेबानं खुर्ची दिली की काहीतरी काढून घ्यायचं असतं, एवढं अकरा वर्षांत तो शिकला होता.

"सोमाजी, नियम आडवा येतो आहे रे. जागा दहावी पासची आहे. तू चौथी."

"गाडी चौथीवाल्यानं चालू केली, साहेब."

"ते खरंच. कोण नाही म्हणतो? पण कमिटीनं श्रीहरी नावाचा माणूस घेतला. तू वाईट वाटून घेऊ नकोस. गाडी बिघडली की तुलाच बोलावू."

"मले इचारून तं ठेवाचं होतं ना मंग, की तू शिकला किती!" सोमाजी ओरडला. "तवा छत्री घेऊन आले, तवा नियम कुठी होता? घरी झोपला होता का?" बाहेर औषधाच्या रांगेतले लोक खिडकीतून पाहू लागले. वामनराव कागद चाळत राहिले.

घरी आल्यावर तो जेवला नाही. कांता म्हणाली, "जाऊ द्या. हात हाय तुमच्यापाशी." तो म्हणाला, "हातावरच तं जगून राह्यलो जलमभर." बापाची आठवण येऊन त्याला रडू फुटलं. तिनं त्याला रडू दिलं, मग ताट पुन्हा वाढलं.

दोन दिवसांनी श्रीहरी शेडात आला. तिशीचा, सडसडीत, धुतलेला शर्ट, हातात वही. सोमाजीनं त्याला मनात हजार शिव्या दिल्या होत्या, पण माणूस समोर आला तो वाकून पाया पडायलाच. "दादा, तुमची जागा मले भेटली हे मले मालूम नोतं. गिरजाबाईनं सांगतलं. मले लाज वाटून राह्यली. पन घरी तीन बहिनी हायत, नाई म्हनता येत नाई." त्यानं वही उघडली. "तुमी सांगान तसा चालवीन. काय काय पाहा लागते?"

सोमाजीनं सांगितलं. रेडिएटरचं पाणी, पट्टा, सिलेंडर बदलताना कोणता कॉक आधी बंद करायचा, सकाळी किती वेळ गरम करायची. सगळं नीट, मन लावून सांगितलं. श्रीहरीनं एकेक ओळ लिहून घेतली. मग मान वर करून विचारलं, "अजून काई राह्यलं का, दादा? डब्याचं काई?"

बोल्ट सोमाजीच्या जिभेवर आला होता. खोटं कशाला सांगू, अगदी ओठापर्यंत आला होता. माणूस चांगला होता. पण तेवढ्यात त्याला ती खुर्ची आठवली, कागद चाळणारे वामनराव आठवले. सगळं देऊन टाकलं तर आपल्यापाशी उरलं काय? त्यानं बिडी पेटवली.

"नाई. डब्याले काई नाई करा लागत. बंद डबा हाय तो, खोलू नोको."

श्रीहरीनं तेही लिहून घेतलं.

आणि सोमाजीनं दिवस मोजायला सुरुवात केली. त्याचं गणित साधं होतं. बारा-पंधरा दिवसांत गाडी मरेल. ऑफिससमोर मरेल, नाहीतर बाजारात, चारचौघांत. दहावी पास वही उघडून बसेल. मग वामनराव छत्री घेऊन येतील, आणि तेव्हा सोमाजी म्हणेल, आधी ऑर्डर आणा, मग पाना उचलतो. नवव्या दिवशी गाडी शेडासमोरून गेली तेव्हा त्यानं कान दिला. किंचित घसा बसल्यासारखा आवाज होता. तो गालात हसला. कांतानं विचारलं, "एकटेच काऊन हासून राह्यले?" तो म्हणाला, "काई नाई. येतीन आता." बाराव्या दिवशी आवाज आणखी जड झाला. सोमाजी खुशीत होता. गाडी जंगलातसुद्धा बंद पडू शकते, हे त्याच्या मनात आलंच नाही, असं म्हणणं सोयीचं आहे. एकदा आलं होतं. त्यानं ते झटकून टाकलं.

चौदाव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला चौकात गलका झाला. दोन बैलजोड्या ती पांढरी गाडी ओढत आणत होत्या. स्टिअरिंगवर श्रीहरी होता, शर्ट काळा झालेला, बोटं सोललेली. गिरजाबाई गाडीच्या बाजूनं पायी चालत होती. सोमाजी पटका झटकून उठला. आले! त्याचं तोंड हसरंच होतं, गिरजाबाई समोर येऊन उभी राहीपर्यंत.

"कोसमटोल्याहून आनत होतो बाईले," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "सोमारी नाव. पयलटकरीन. लेकरू आडवं होतं. सकाळी नवाले निघालो. दहाले गाडी बंद पडली, मधातच, जंगलात. ह्यानं सगळं खोलून पाह्यलं. प्लग, पॉइंट, कारबोटर. डबा तेवढा खोलला नाई, म्हने मिस्त्रीनं मना केलं. तिचा मानूस धावत गेला बैलबंडी आनाले, तं बंडी येयेपर्यंत दीड वाजला. गाडीतच गेली. लेकरूबी गेलं. माह्या मांडीवर डोस्कं होतं तिचं."

"कुठी हाय ती?" सोमाजीनं विचारलं.

"बंडीत घालून घेऊन गेला तिचा नवरा. वापस."

वामनराव धावत आले. अर्धं गाव गोळा झालं. श्रीहरी पायरीवर बसून गुडघ्यात डोकं घालून रडत होता, आणि कोणी त्याला पाणीसुद्धा विचारत नव्हतं. कोणी म्हणालं, ज्याला येत नाही त्याच्या हाती गाडी देता कशाला? वामनराव हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "सोमाजी, बघ रे बाबा."

सोमाजीनं पाना घेतला. तो गाडीखाली शिरला, आणि तिथं, कोणाला दिसत नव्हतं तिथं, त्याच्या हातून पाना दोनदा निसटला. उकळतं पाणी मागवून डब्यावर ओतलं. बोल्ट सैल केला. काळं तेल त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. बोल्ट आवळला, बाहेर आला, चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

"वा रे मिस्त्री!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. लोक खरंच खूश झाले. एवढं वाईट घडलेल्या दिवशी काहीतरी नीट होताना दिसलं, म्हणून असेल.

गिरजाबाई मात्र त्याच्या कोपराकडं पाहत होती. "दहा मिनिटं," ती म्हणाली. "दहा मिनिटाचं काम होतं का हे, मिस्त्री?"

"अडकते कधी कधी," तो म्हणाला. "एकाएकी."

"तुमाले कसं मालूम पडलं, कुठी अडकते तं?"

"आवाजावरून."

ती गाडीत चढली आणि बाकाचं रेक्झिन धुऊ लागली.

आठ दिवसांत ऑर्डर निघाली. दहावीचा नियम कुठं गेला, कोणास ठाऊक. कमिटीनं एका ओळीत ठराव केला, श्रीहरीला काढलं आणि सोमाजीला कायम केलं. टाइप केलेला कागद, खाली शिक्का, वर त्याचं पूर्ण नाव. कांतानं तो सोमाजीच्या बापाच्या फोटोखाली ठेवला आणि खीर केली. सोमाजीनं वाटी तोंडाला लावली आणि तशीच खाली ठेवली. "पोटात दुखून राह्यलं," म्हणाला. तिनं ओवा दिला.

सांगून टाकायची एक वेळ तेव्हाही होती. श्रीहरी एकदा शेडात आला, दाढी वाढलेली. नोकरी परत मागायला नव्हता आला. म्हणाला, "दादा, काय होतं त्याच्यात? तेवढं सांगा फक्त. रातभर झोप नाई. मी काय पाह्यलं नाई, काय चुकलो, ते तं समजू द्या मले." सांगितलं असतं तर ऑर्डर गेली असती, कोसमटोल्याची माणसं काठ्या घेऊन आली असती, कांतानं तोंड फिरवलं असतं. भ्याला तो. सरळ सांगायचं तर भ्याला.

"जुनी गाडी हाय, बावा," तो म्हणाला. "तुही काई चूक नाई. इसरून जा."

श्रीहरी गेला. त्यानं पुन्हा कधी स्टिअरिंग धरलं नाही. पुढं तो तेंदूपत्त्याच्या फडावर पुडके मोजताना लोकांना दिसायचा.

सोमाजी मात्र पार बदलला. डब्याच्या वर त्यानं लाल रंगानं लिहून टाकलं, दर सोमवारी खालचा बोल्ट खोलावा. शेडात कोणी आला की न विचारता सांगत सुटायचा, हे असं का झालं, पुढच्या वेळी काय पाहायचं, कोणता स्क्रू किती फिरवायचा. ड्रायव्हर कंटाळून जायचे. "बुढा सटकला," म्हणायचे. "आधी दात उचकटले तरी बोलत नोता, आता चूप बसत नाई." एक गोष्ट सोडून तो सगळं सांगायचा. गिरजाबाई त्याच गाडीवर होती, पण ती पुढच्या सीटवर कधी बसली नाही. मागं औषधांच्या कपाटाशी बसायची, आणि चहा सांगायचा तर स्वतःपुरता सांगायची.

कोसमटोल्याची फेरी दर महिन्याला असायची. पहिले काही महिने सोमाजी गाडीतून खालीच उतरला नाही. उन्हाळ्यात एक दिवस गाडी गावाच्या कडेला उभी होती, आणि एक उंच, वाळलेला माणूस थेट त्याच्या खिडकीशी आला. हातात पळसाच्या पानांचा द्रोण, द्रोणात चारोळी. सुकलू, सोमारीचा नवरा. सोमाजीनं त्याला आधी पाहिलं नव्हतं, पण माणूस बोलायच्या आतच त्याला कळलं.

"तुमीच मिस्त्री ना?" सुकलू म्हणाला. मराठी तो शब्द शोधत शोधत बोलायचा. "बाईनं सांगतलं होतं. तुमी दहा मिनटात चालू केली गाडी." त्यानं द्रोण खिडकीतून आत धरला. "जंगलातली हाय. फोडून साफ केली. घ्या."

"मले कायले?" सोमाजी कसाबसा म्हणाला.

"तो दुसरा होता, त्याले येत नोतं. तुमी त्या रोजी गाडीवर असते ना भाऊ, तं सोमारी वाचली असती माही."

मागं गिरजाबाईचा हात कपाटावर थांबला. सोमाजीनं द्रोण घेतला, कारण तो माणूस हात मागं घेतच नव्हता. तो मांडीवर ठेवला.

"हाव गा," तो म्हणाला. "वाचली असती."